भोपळ्याला पहिला घाव

घाटकोपरला भटवाडीच्या चढावर लवूचं झोपडं, आणि छपरावर लवूनंच चढवलेला भोपळ्याचा वेल. त्या वेलाचं त्याच्या बायकोनं, वनमालेनं, काही म्हणून शिल्लक ठेवलं नव्हतं! आधी फुलं गेली, मग कोवळे शेंडे, मग पानं, शेवटी पानांचे दांडेसुद्धा सोलून आमटीत पडले. आमटी कसली, मिठाचं पाणीच ते! बाजार उठला की स्टेशनाजवळून ती फ्लॉवरचे दांडे, मुळ्याचा पाला, दुधीच्या साली उचलून आणायची. भाजीवालीनं विचारलं तर म्हणायची, शेळीला हवंय. शेळी कुठली मरायला! घरी सासू आणि पाच वर्षांची लेक माणिक वाट बघत बसलेली असायची.

लवूला दिवाळीच्या तोंडावर गिरणीनं काढून टाकलं. "कुर्ल्याला काम बघून येतो," म्हणाला आणि गेला तो गेलाच. वनमालेनं पोलीस चौकी गाठली, इस्पितळं पालथी घातली. माणसाचा ठावठिकाणा नाही.

आता घरात उरला होता एकच भोपळा, चांगला घागरीएवढा. आणि त्याच्यावर पहारा सासूचा. कारण अख्खा भोपळा बाईमाणसानं फोडायचा नाही, पहिला घाव पुरुषाचा. बाईनं घातला तर तो घरच्या थोरल्या लेकावर येतो म्हणतात. म्हातारीला तर एकुलता एक लवूच.

"लवू येतलो नि फोडतलो," ती रोज म्हणायची.

शेजारचा बाळा एकदा कोयता घेऊन आला. "वहिनी, आणा इकडे, एका घावात फोडतो."

म्हातारी त्याच्या अंगावर धावून गेली. "घरचो धनी जितो आसताना परक्याचो हात कित्याक रे? चल, नीघ!"

बाळा बिचारा तोंडात मारल्यासारखा परत गेला. वनमालेच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आई, पोरीच्या पोटात कालपासून काही नाही! भोपळा काय पूजेला ठेवायचाय? आणा आपला कोयता, मीच फोडते. व्हायचं ते होऊ दे!"

"आणि माझ्या झिलाक, लवूक काय झाला तर?"

कप्पाळ! वनमाला चुलीकडे वळली. सासूचा राग राग यायचा, पण खरं सांगायचं तर त्या हट्टावरच ती तग धरून होती. आई म्हणतेय येईल, म्हणजे असेल कुठेतरी.

त्याच दुपारी माणिक उठेना. हाक मारली की डोळे उघडायची, पुन्हा मिटायची. वनमालेनं पाणी पाजलं, ते ओठांवरून ओघळून गेलं. "माणके, ए माणके, बघ ना गं!" ती पोरीला गदागदा हलवत राहिली.

म्हातारी बघत होती. मग उठली, कोयता घेतला आणि भोपळ्यापुढे बसली.

इतके दिवस जी फोडा फोडा म्हणून भांडत होती, ती वनमालाच किंचाळली. "नको, आई! थांबा, मी बाळाला बोलावते!" तिनं सासूचं मनगट घट्ट धरलं.

"सोड," म्हातारी म्हणाली. "येवचो आसतो तर येवन पोचलो आसतो."

वनमालेनं मनगट सोडलं. कोयता खाली आला. भोपळा चरचरत दुभंगला आणि वनमाला तिथंच भिंतीला टेकून ओक्साबोक्शी रडायला लागली.

"रडतंस काय? चूल पेटय," म्हातारी म्हणाली.

तिनं कणभर काही टाकू दिलं नाही. गर मऊ शिजवला, साल किसून तव्यावर परतली, बिया भाजल्या, आतले धागेही भांड्यात गेले. पहिले दोन-चार घास बोटानं चाटवले, मग माणिकनं हळूहळू डोळे उघडले. तिन्हीसांजेला ती उठून बसली आणि स्वतःच्या हातानं खायला लागली. पोट जरा भरल्यावर तिनं ताट पुढे सारलं.

"हे बाबांना ठेवूया ना?"

वनमालेनं तोंडात पदर कोंबला. म्हातारीनं ताट पुन्हा पोरीपुढे ओढलं.

"नको गो बाय. सगळा खा."