ओळखीचा डोंगर

त्याने मेणबत्तीवरून चादर आणखी थोडी सरकवली, आणि तिसरं भोक पडलं.

"बघितलंस?" तो खुशीत म्हणाला. "मेणबत्ती जागची हलली नाही. चादर सरकली. म्हणून भोकांची रांग झाली."

"बघितलं ना," ती दारातून म्हणाली. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता आणि तो चादरीवर ओतावा की नवऱ्यावर, हे तिचं अजून ठरायचं होतं. "खाली गाठोडंभर जुन्या चादरी पडल्यात. तुम्हाला कपाटातली नवीच सापडली?"

"जुन्या सगळ्या पिवळट आहेत गं. समुद्राचा तळ आहे हा. निळा नको?"

लग्न झालं तेव्हापासून समुद्राच्या तळाचा शब्द त्या घरात शेवटचा होता. नवरा समुद्राखालच्या ज्वालामुखींचा अभ्यास करायचा. वर्षातले निम्मे महिने तो जहाजावर असे, आणि उरलेले निम्मे घरात असूनही जहाजावरच असल्यासारखा. पाण्याखालचे कधी कुणाला न दिसणारे डोंगर त्याला एकेक करून ओळखता येत. भाजीवाला मात्र समोर उभा राहिला तरी ओळखू येत नसे.

शनिवारी त्याचं जाहीर व्याख्यान होतं. मागच्या व्याख्यानात पहिल्या रांगेतले दोघं झोपले होते आणि त्यातले एक संस्थेचे संचालक होते. या वेळी चादर होती, बॅटरी होती, आणि मुख्य म्हणजे खऱ्याखुऱ्या ज्वालामुखीचा आवाज ऐकवायचा होता.

"या वेळी कुणी झोपणार नाही," तो म्हणाला.

तिने तांब्या खाली ठेवला. झोप या विषयावर त्या घरात फारसं बोललं जात नसे.

त्याला कारण होतं. ती नवी नवरी असताना एका सकाळी नणंदेने भरल्या टेबलावर, चहाचा कप खाली ठेवत विचारलं होतं, "काल रात्रभर कुणी फर्निचर ओढत होतं का गं?" सगळे हसले होते. सासरेसुद्धा. तेव्हापासून तिचं एक वाक्य ठरलेलं होतं: मी घोरत नाही. नवऱ्याने सुरुवातीला एकदोनदा विषय काढून पाहिला, मग शहाणा झाला. पुढच्या संसारात तिने पडद्यांच्या रंगापासून मुलीच्या शाळेपर्यंत कितीतरी बाबतींत माघार घेतली. ही एक चौकी तेवढी सोडली नाही. तिथे ती एकटीच पहारा देत उभी होती, आणि समोर अजूनही नणंद होती.

शनिवारी सभागृहात ती नणंद तिच्याच शेजारी बसली होती. दुसरी रांग, मधल्या खुर्च्या. पुढे संचालक, आणि त्यांच्या बाजूला नवऱ्याचे म्हातारे प्राध्यापक, काठीवर दोन्ही हात ठेवून.

"ही चादर मी तुला दिलेली ना गं?" नणंद कुजबुजली.

"हो ताई. समुद्रासाठी घेतली त्यांनी."

नवऱ्याने चादर ताणून धरली, खाली बॅटरी धरली आणि एकेका भोकातून उजेड दाखवत सांगितलं, की तळाच्याही खाली, खोल, एखादी जागा कायमची तापलेली असते. ती हलत नाही. तिच्यावरून समुद्राचा तळ मात्र सरकत राहतो, आपलं नख वाढतं तितक्या सावकाश. तापलेल्या जागेवर एक डोंगर उठतो, तळाबरोबर पुढे जातो, गार होतो, झिजतो, बुडतो. मागे त्याच जागेवर नवा उठतो. लांब गेलेले सगळे थंड. ऊब तिथेच, जिथे पहिल्यापासून होती.

बरा बोलतोय की, तिला वाटलं. संचालकही जागे होते.

"आता प्रत्यक्ष आवाज," तो म्हणाला. "पाण्यातून हा फार दूर जातो. पण इतक्या खालच्या पट्टीत असतो की आपल्याला ऐकू येत नाही. म्हणून आम्ही तो टिपून घेतो आणि भरभर वाजवून ऐकतो." त्याने कोपऱ्यातल्या टेबलाकडे पाहून मान हलवली. तिथे जहाजावरचा ध्वनितंत्रज्ञ बसला होता. भला दांडगा माणूस, चोवीस तास कानांवर हेडफोन. सगळे त्याला कानसेनच म्हणत. कानसेनने बटण दाबलं.

सभागृह अंधारलं आणि तळातून काहीतरी उठलं. आधी नुसती घरघर. मग ती चढत गेली, जाड झाली, खुर्च्यांच्या पाठींतून अंगात शिरली. टोकाला पोचली आणि एकदम थांबली. कुणी श्वास घेतला नाही. मग एक लांब फुस्स, आणि पुन्हा खालून घरघर. मागच्या रांगेत एका बाईने आपलं मूल जवळ ओढलं.

केवढा जीव आहे याच्यात, तिच्या मनात आलं. नवरा उगीच नाही घर सोडून जात.

नणंदेने मान तिरपी केली. "हा डोंगर ओळखीचा वाटतोय गं."

"तुम्हाला कसा ओळखीचा असेल, ताई?" ती म्हणाली, आणि तेवढ्यात तिला ते ऐकू आलं. घरघरीच्या मागे, अगदी बारीक. कुर्र. जरा थांबून पुन्हा कुर्र. दर फेऱ्याला एकदा.

स्वतःचं घोरणं कुणी कधी ऐकलेलं नसतं. पण आपल्या निजायच्या खोलीतला पंखा कोण विसरेल? त्याला तेल घाला, तेल घाला म्हणून तिने नवऱ्यामागे किती धोशा लावला होता.

तिने मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली.

व्यासपीठावर नवऱ्याचा चेहरा चादरीच्या रंगाचा झाला होता. तो कानसेनकडे हातवारे करत होता. कानसेनला वाटलं आवाज वाढवायचाय, त्याने वाढवला. शेवटी आवाज थांबला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

म्हाताऱ्या प्राध्यापकांनी काठी वर केली. "मधे तो थांबतो, तेव्हा आत वायू साठत असेल?"

"मला सांगता येणार नाही, सर."

"विलक्षण आहे. मी असा ऐकला नव्हता. हा डोंगर जागा आहे का अजून?"

नवऱ्याची नजर दुसऱ्या रांगेवर गेली. तिथून दोन डोळे त्याच्यावर रोखलेले होते.

"हो सर. पूर्ण जागा आहे."

"कुठे आहे हा?"

तिच्या शेजारी नणंद पुढे सरकून बसली. आता त्याच्या एका शब्दावर तिचा इतक्या वर्षांचा पहारा अवलंबून होता. तो खोटं बोलत नसे. त्याला ते जमतच नसे. त्याने घसा खाकरला.

"सर, हा चुकून लागला. हा माझ्या अभ्यासातला डोंगर नाही. आणि याचं ठिकाण जाहीर करायची मला परवानगी नाही."

सभागृह एकदम गंभीर झालं. मागे कुणीतरी कुजबुजलं, "नौदलाचं असणार काहीतरी." संचालक ताठ बसले. प्राध्यापकांनी समजून मान डोलावली आणि काठी खाली घेतली.

चहाच्या टेबलापाशी नणंद बिस्किट बुडवत म्हणाली, "नौदल म्हणे!"

तिने स्वतःच्या कपाला हातही लावला नव्हता. तिच्या डोक्यात एकच चाललं होतं: पुरावा. तोंडाने गप्प राहून या माणसाने पुरावा गोळा केला. तेवढ्यात कानसेन समोर आला, हेडफोन गळ्यात, चेहरा उतरलेला.

"वहिनी, चूक माझी आहे. सर रागावले असतील. मला वाटलं हाच सगळ्यात महत्त्वाचा आवाज, म्हणून लावला."

"का वाटलं?"

"अहो, जहाजावर सर रोज हा लावतात. पहिल्या सफरीत त्यांना झोपच येईना. डेकवर येरझाऱ्या. मग एका रात्री हा लावला आणि गाढ! तेव्हापासून रोज. बाकीचे डोंगर ऐकतात आणि कागदावर रेघा मारतात, हा ऐकतात आणि झोपतात. मी विचारलं, हा कुठला? तर म्हणाले, सगळ्यात लांबचा." तो जरा वाकला. "खरं सांगू? आमच्या केबिनमधे पार्टिशन पातळ. आता मलाही तो ऐकल्याशिवाय डोळा लागत नाही. मी एक कॉपी घेतलीय."

"ती आधी पुसून टाका," ती म्हणाली.

कानसेन काही न समजता हो म्हणाला आणि गेला. नणंदेचं बिस्किट चहात पडलं होतं. ती बराच वेळ चमच्याने ते शोधत राहिली.

"तेव्हा फर्निचरच असेल गं," ती शेवटी कपातच बघत म्हणाली. "वरच्या मजल्यावरचे लोक फार ओढाओढ करायचे."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं आटोपल्यावर नवरा सफरीची बॅग भरत होता. कालपासून तो घरात पाहुण्यासारखा वावरत होता. पाणीसुद्धा विचारून घेत होता.

"मी ते तसं म्हणून नव्हतं घेतलं," तो बॅगेकडे बघत म्हणाला. "म्हणजे तुला दाखवायला वगैरे..."

"तो पंखा आपण कधी भंगारात दिला, आठवतंय?"

"कुठला पंखा?"

"लेक होस्टेलला गेली त्या वर्षी." ती पलंगावर बसली. "किती जुना आवाज घेऊन फिरताय तुम्ही. सारखी कुरकुर कुरकुर. झोप तरी कशी लागते?"

"सवय झाली."

ती आडवी झाली. पायाशी ती निळी चादर होती. तिने ती अंगावर ओढून घेतली. तिसऱ्या भोकातून पायाचा अंगठा बाहेर आला.

"ते तुमचं आवाज टिपायचं यंत्र बॅगेत खाली घातलं नाही ना अजून?"

"नाही."

"मग ठेवा इथे उशीशी. कुणी आलं तर मी घरात नाही." तिने डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. "आणि हे बघा. मी घोरत नाही."

"अजिबात नाही," तो म्हणाला. त्याने यंत्र उशीशी ठेवलं, उठून नवा पंखाही बंद केला, आणि खुर्ची ओढायची नाही म्हणून ती उचलून पलंगाजवळ आणली.