कवटीपतंग आणि रंगवलेली पेटी

बाप गेला आणि महिन्याभरात पोलोना आणि तिचा भाऊ उर्बान यांचं धड बोलणंही गेलं. मधमाश्यांच्या पेट्या दोघांनी निम्म्या-निम्म्या वाटून घेतल्या, पण एकीवरून बिनसलं ते बिनसलंच. त्या पेटीच्या दर्शनी फळीवर बापाने लहानपणची पोलोना रंगवली होती, लाल रुमाल बांधून अस्वलावर बसलेली. नेमकी तीच उर्बानच्या वाट्याला आली. तिने मागितली, तर म्हणाला, माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही. असला खवीस. त्यात पेट्यांची खोपी एकच, त्यामुळे रोज एकमेकांचं तोंड बघणं चुकत नव्हतं.

कुट्टूची शेतं फुलली होती. एका सकाळी पोलोनाला खोपीच्या भिंतीवर बोटभर लांबीचा जाडजूड पतंग दिसला. तिने काडीने हळूच पंख सारले. पिवळं पोट, त्यावर काळे पट्टे, मधोमध निळसर पट्टा आणि पाठीवर चक्क माणसाची कवटी. डिवचल्यावर उंदरासारखा चिरकला. कवटीपतंगच, दुसरं कोण? अळीपणी बटाट्याचा पाला खायचा आणि पंख फुटले की मधावर डल्ला मारायचा. तिथल्या तिथे चिरडायला हवा होता, पण न्याहाळता न्याहाळता तिने त्याला सोडून दिलं.

संध्याकाळी तिच्याच पेटीतून चिरचिर येऊ लागली. उर्बानने कान टवकारले. नवी राणीमाशी निघाली की अशीच ओरडते, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण राणी आधी लांब सूर लावते, मग तुटक. हा आत शिरलेला पतंग नुसताच चिरकत होता. बाप हे शिकवायचा तेव्हा उर्बान खानावळीत पत्ते कुटत बसलेला. पोलोनाने फरक बरोबर ओळखला.

"ही पेटी मला दे," तो म्हणाला. "ती रंगवलेली घे. रडतेस ना तिच्यासाठी?"

तिने वरवर आढेवेढे घेतले आणि पेटी दिली. मनात उकळ्या फुटत होत्या. बस म्हणावं आता कवटी कुरवाळत.

दोन-तीन दिवसांनी ती शेंगा सोलत असताना उर्बानने येऊन टेबलावर काहीतरी आपटलं. तोच पतंग होता. माश्यांनी डंख मारून त्याला मारलं होतं आणि बाहेर ओढता येईना म्हणून डिंकाने लिंपून टाकलं होतं.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"होतं. बापाचे कान मी घेतले, तू नुसतं नाक घेतलंस."

तो भडकेल असं तिला वाटलं होतं. तो हसला.

"असल्या धेंडाला लोळवणाऱ्या माश्या आहेत त्या. बापाची राणी त्या पेटीत धडधाकट आहे, ताजी अंडी बघून आलो. तू तुझ्या पेटीवर टकटक करून बघ जा."

सौदा करताना पोलोनाने फळी तेवढी पाहिली होती. ती खोपीत गेली आणि बोटाने ठोकलं. राणी असली की माश्या एकदा गुणगुणतात आणि गप्प होतात. ह्या गप्प होईनात. आतून नुसतं रडल्यासारखं चालू राहिलं. बिनराणीची पेटी त्याने जाणूनबुजून तिच्या गळ्यात मारली होती आणि बापाच्या धडधाकट माश्या तिने स्वतःच्या हाताने त्याला दिल्या होत्या. फळीवरची लाल रुमालवाली पोरगी हसत होती. पोलोनाने भावाला एक सणसणीत शिवी घातली आणि त्या फळीला डोकं टेकून रडली.