कॉलीनची चासी

“हात लावून बघ गं, हात लावून!” गाडीखालून ऑरिनचा आवाज आला. बाहेर फक्त त्याचे बूट दिसत होते. “पुढच्या अॅक्सललासुद्धा हवेचे बलून! आपल्याला तिथे नुसते पाटे.”

“मी राजम्याची चिली ढवळतेय,” ग्लेन्डा म्हणाली.

ती ढवळत नव्हती. आपल्या मोटरहोमच्या, त्या चाकांवरच्या घराच्या, दारात उभी राहून ती त्या बुटांकडे बघत होती, आणि बुटांशेजारी खडीवर मांडी घालून बसलेल्या कॉलीनकडे.

“मला तरी कुठे माहीत होतं?” कॉलीन हसली. “नवऱ्याने घेतली, मी शेजारी बसले. तो गेल्यावर चालवायला लागले. खाली काय आहे ते इतक्या वर्षांनी तुझ्या ऑरिनने सांगितलं.”

दोन्ही गाड्या एकाच कारखान्यातल्या. ग्लेन्डाची नव्व्याण्णवची, कॉलीनची तीन वर्षांनी धाकटी. बाहेरून जुळ्या बहिणी. अंगावर त्याच तपकिरी लाटा, आत तेच चेरीच्या लाकडाचं कपाट. फरक होता तो खाली, चासीत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात. ग्लेन्डाचं घर दोन लांब, सरळ तुळयांवर बसवलेलं होतं, ट्रकवर पेटी ठेवावी तसं. कॉलीनच्या गाडीला तशा तुळया नव्हत्याच. रेल्वेच्या पुलाला असते तशी पोलादी जाळी होती आणि घर त्या जाळीतच गुंफलेलं होतं. शिवाय मागे एक जादा अॅक्सल.

ऑरिनला हे दिसत नव्हतं. त्याच्या नजरेच्या मधोमध एक राखाडी डाग पसरला होता; कडेचं तेवढं दिसे. दोन वर्षांपूर्वी लायसन्स गेलं. तेव्हापासून गाडी ग्लेन्डा चालवत होती आणि तो उजवीकडच्या खुर्चीत बसत होता. उजवा हात दाराजवळच्या दांडीवर घट्ट, उजवा पाय जिथे ब्रेक नाही तिथे दाबलेला. त्या जागेचा गालिचा झिजून पांढरा झाला होता. तोंडाने तो कधी काही बोलला नाही. मुक्कामाला पोचल्यावर मात्र हलकेच म्हणायचा, “तुझी चूक नाही गं. चासीच तशी. ट्रक शेजारून गेला की ही भटकते.”

आणि नाताळपासून एक नवं वाक्य सुरू झालं होतं. “हा शेवटचा हिवाळा. टेसकडे जाऊ.”

टेस म्हणजे त्यांची मुलगी. ओमाहाला तिच्या गॅरेजवर एक खोली होती. तिच्या खिडकीतून शेजाऱ्याचं छप्पर दिसायचं. ग्लेन्डाने ती खोली पाहिली होती आणि लगेच खाली उतरली होती. घर विकून त्यांनी ही गाडी घेतली होती. गाडी सुटली तर तिच्यापाशी आपलं असं काही उरणार नव्हतं.

कॉलीन वसंतात बहिणीकडे राहायला जाणार होती. गाडी ती विकणार होती.

मंगळवारी कॉलीनच्या गाडीतला स्वयंपाकाचा गॅस संपला. टाकी गाडीतच बसवलेली असल्यामुळे गाडीच गावात न्यावी लागे.

“चला की दोघं,” ती म्हणाली. “ऑरिन, तू पुढे बस. आवाज ऐकून सांग इंजिन बरं आहे का.”

ग्लेन्डा मागे सोफ्यावर बसली. कॉलीन एका हाताने चालवत होती. दुसऱ्या हाताने सूर्यफुलाच्या बिया खात होती. वळणावर तिची चाकं पांढऱ्या पट्ट्यावर चढली. ब्रेक ती उशिरा दाबायची. ग्लेन्डाने हे सगळं नीट पाहून ठेवलं. मग एक मोठा ट्रक शेजारून गेला, आणि ऑरिनची मान हळूहळू खिडकीकडे कलली.

त्याचा हात मांडीवर उताणा पडला होता. तोंड किंचित उघडं होतं.

“झोपला लबाड!” कॉलीन आरशातून म्हणाली. “इतकं कंटाळवाणं चालवते का गं मी?”

ग्लेन्डा हसली. त्याने कॉलीनचा हात धरला असता तरी तिला इतकं लागलं नसतं. दोन वर्षं तिने मांजरीच्या पावलांनी गाडी चालवली होती. चढावर, वाऱ्यात, बर्फात. त्याला एक डुलकी तिला देता आली नव्हती. या बाईने ती बिया चघळत दिली.

संध्याकाळभर ती विचार करत राहिली. नोकरीची सगळी वर्षं तिने दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत काढली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तरच काय कशामुळे झालं ते कळतं. इथे दोन गोष्टी बदलल्या होत्या, गाडीही आणि चालवणारीही. चासीमुळेच असेल, तिने स्वतःला सांगितलं. चासीमुळेच असू दे.

रविवारी मोटरहोमवाल्यांच्या या मुक्कामावर ‘चाक द्यायचा’ दिवस होता. आठवडाभर खुर्च्यांचं रिंगण करून कुठली चासी भारी यावर भांडायचं आणि रविवारी एकमेकांच्या हातात किल्ल्या द्यायच्या, अशी इथली जुनी रीत. मालकाने सोबत बसायचं, पण बोलायचं नाही.

“मालकांनो, जिभेला कुलूप!” म्हातारा डूएन ओरडला. सगळ्यात जुनी गाडी त्याची.

“डूएन, तुझ्या गाडीला चासी शिल्लक आहे का रे, का नुसता गंजच धावतो?” कुणीतरी विचारलं.

“गंज तर गंज, तुझ्यासारखा ढेरपोट्या तर नाही!”

कॉलीनने किल्ली ग्लेन्डाच्या तळहातावर ठेवली. “घे. आवडली तर वसंतात तुझीच. तुमची मला द्या आणि वर काय जमेल ते.”

ग्लेन्डाने आरसे जुळवले. ऑरिन शेजारी बसला, कॉलीन मागे. पहिल्या वळणातच फरक कळला. घर मागून ओढत येत नव्हतं, तिच्याबरोबर वळत होतं. मोठ्या रस्त्यावर वारा आडवा होता. ट्रक आला, गेला, आणि तिच्या हातातलं चाक जागचं हललंसुद्धा नाही. तिला हसू फुटलं. इतकी सरळ गाडी ती आयुष्यात पहिल्यांदा चालवत होती.

तिने उजवीकडे पाहिलं.

ऑरिनचा हात दांडीवर होता. बोटांची पेरं पांढरी पडली होती. पाय खाली दाबलेला.

ती परतली, एका दमात गाडी जागेवर लावली. डूएनने विचारलं, “काय मग, कशी आहे?”

“सरळ जाते,” ती म्हणाली. “एकदम सरळ.”

“घेऊन टाकू,” ऑरिन घाईने म्हणाला. “बघितलंस ना, चासीचाच प्रश्न होता.”

जेवणं झाल्यावर वाडगे धुताना तिने विचारलं, “मंगळवारी तू झोपलास. आज का नाही?”

“आज झोप आली नाही.”

“ऑरिन, गाडी तीच होती.”

 खिळ्याला अडकवलेलं फडकं त्याने हाताने चाचपलं, घेतलं आणि एक वाडगा पुसायला लागला. तो कधीच कोरडा झाला होता.

“कॉलीन चालवते तेव्हा मी पाहुणा असतो,” शेवटी तो म्हणाला. “तिची गाडी, तिचं चाक. तू चालवतेस तेव्हा मीच चालवत असतो गं. फक्त मला दिसत नसतं.”

“मी वाईट चालवते?”

“माझ्यापेक्षा चांगली चालवतेस. तेच तर.” त्याने वाडगा खाली ठेवला. “रोज सकाळी तू किल्ली फिरवतेस ना, तेव्हा मला तुझा इतका हेवा वाटतो, की वाटतं, उभीच राहू दे ही गाडी. टेसच्या दारात. कुणीच चालवू नये.”

ग्लेन्डाने नळ बंद केला. मंगळवारपासून छातीत धरून ठेवलेला राग कुणावर ठेवायचा ते तिला कळेना. कॉलीनवर तो आता बसत नव्हता. समोरच्या माणसावरही बसेना.

“टेसला कळव,” ती म्हणाली. “खोली भाड्याने दे म्हणावं.”

“आणि चासी?”

“आहे ती बरी आहे. भटकते, मी आणते परत.”

निघायच्या सकाळी कॉलीनने तिला मिठी मारली. “नाही घेत म्हणतेस? वेडी आहेस.” ग्लेन्डाने तिला मक्याच्या पावाचा अर्धा तुकडा बांधून दिला, आणि तो मनापासून दिला याचं तिला जरा नवल वाटलं.

ऑरिन सवयीने पुढच्या खुर्चीत बसला होता.

“तू मागे सोफ्यावर बस,” ती म्हणाली. “खिडकी कडेची आहे. कडेचं दिसतं ना तुला? डोंगर दिसतील.”

त्याने दांडीवरचा हात सोडवला. मग उठला. कपाटाच्या कडा धरत, एक एक हात पुढे टाकत मागे गेला. त्याने पट्टा लावल्याचा आवाज आला.

ग्लेन्डाने गाडी न्यू मेक्सिकोच्या दिशेने काढली. पहिल्याच वळणावर रिकाम्या खुर्चीचं बक्कल दारावर आपटू लागलं. टक, टक, टक. तिने थोडं सहन केलं, मग गाडी कडेला घेतली.

“काय झालं गं?” त्याने मागून विचारलं.

“काही नाही. पट्टा बांधतेय.”

ती वाकली आणि तिने तो पट्टा रिकाम्या खुर्चीभोवती ओढून नीट लावला.