सात वेळा दान झालेली तीनचाकी

मित्रांनो, ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांनी बसून हाताने चालवायची अशी मी एक तीनचाकी सायकल. मला जुनी म्हणतात तेव्हा मला शरम वाटते. जुने व्हायला आधी झिजावे लागते. मी नुसती वर्षे काढली.

त्र्याण्णव साली मकरपुऱ्याच्या एका शेडमध्ये मी तयार झाले. मला जोडणाऱ्या कारागिराने स्वतः माझ्यावर बसून अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि हाताच्या पॅडलावर जाड कापड गुंडाळले. "बसणाऱ्याचे तळवे सोलायला नकोत," असे तो म्हणाला. माझ्यावर बसणाऱ्याचा विचार करणारा हा पहिला माणूस. पुढची सगळी मंडळी फोटोचा विचार करणारी निघाली.

मला विकत घेतले बडोद्यातल्या एका क्लबने. हा क्लब पत्त्यांचा नव्हता, समाजसेवेचा होता. कारखानदार, डॉक्टर, वकील, बिल्डर असे लोक दर पंधरवड्याला सयाजीगंजातल्या एका हॉटेलात जमत. अध्यक्ष घंटा वाजवत, मग सेवेविषयी बोलणे होई, मग जेवण. बोलणे थोडके आणि पनीर भरपूर. बडोद्यात तेव्हा नवा पैसा येत होता. घरोघरी मारुती उभी राहू लागली होती. खिसा भरला की माणसाला खिशावर काहीतरी लावावेसे वाटते. क्लबची पितळी पिन त्या कामाची होती.

आता या मंडळींची एक रीत ऐका. क्लबचा अध्यक्ष दर जुलैत बदले. प्रत्येकाला आपल्या वर्षात 'अपंगांना सायकल' हा कार्यक्रम हवा असे आणि सायकल तर एकच होती. मग पेंटर येई. माझ्या पाठीच्या पत्र्यावरचे जुने 'सप्रेम भेट' रंगाखाली जाई, नव्या अध्यक्षाचे नाव वर चढे. कुणाला तरी उचलून आणून माझ्यावर बसवत. हार घालत, फोटो काढत, टाळ्या वाजवत. "नाव नोंदवून घरपोच पाठवतो," असे सेक्रेटरी केयूरभाई सांगत आणि मी त्यांच्या गोडाउनात परत जाई. तो माणूस जसा उचलून आणलेला, तसाच उचलून नेला जाई. चार वेळा माझे दान झाले आणि मी एकदाही कुणाची झाले नाही.

पाचव्या वर्षी सुभाष आला. वडील प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात फिटर, आणि याने विजेचे पॅनेल बनवायचे छोटे वर्कशॉप काढलेले. क्लबातल्या कारखानदारांची कामे मिळावीत म्हणून त्याला सभासद व्हायचे होते. यात मला वावगे वाटले नाही. दुकानदार देवळात जातो तेव्हा देवाबरोबर गिऱ्हाईकही भेटतेच. फक्त उमेदवाराने आधी एक लाभार्थी शोधून आणायचा, असा क्लबचा नेम होता.

सुभाषने प्रेमलाला आणले. जुन्या शहरातल्या घडियाळी पोळात, म्हणजे एका अरुंद गल्लीत राहणारी, पोलिओने लहानपणीच पाय गेलेले, साड्यांना फॉल-पिको करून पोट भरणारी. सुभाषच्या बायकोच्या, शालिनीच्या, साड्या तिच्याकडेच जात. प्रेमलाचा हात सफाईदार होता, पण दुकानातून साड्या आणून देणारा माणूस मर्जी झाली तर येई आणि मजुरीतला मोठा वाटा स्वतः ठेवून घेई.

अध्यक्ष जगदेवरावांनी हार घातला. फोटो झाला. टाळ्या झाल्या. केयूरभाई जेवणाच्या रांगेत पुढे होते आणि सुभाषला रीत कुणी सांगितलेली नव्हती. त्याला वाटले, दिली म्हणजे दिली. त्याने मला पायऱ्यांवरून स्वतः उतरवले आणि म्हणाला, "जा ताई, सावकाश."

मित्रांनो, माझे आयुष्य म्हणावे असे तेवढेच काही आठवडे. प्रेमला मला मांडवीच्या कापडबाजारात घेऊन गेली तेव्हा दुकानदार गादीवरून अर्धा उठला. "प्रेमलाबेन, तमे जाते आव्या? स्वतः, एकट्या?"

"हो, माझ्या गाडीनं आले. आता साड्याही माझ्याच हातात द्या आणि पैसेही."

तिच्या तळव्यांना आधी फोड आले, मग घट्टे पडले. सीटखालच्या पेटीत साड्यांचे गठ्ठे, दांडिया बाजारातून घेतलेली भाजी. एकदा तर ती कामाशिवायच सुरसागर तळ्याच्या काठाने एक फेरी मारून आली. घरी आल्यावर कुठे गेली होतीस, असे आईने विचारले तर म्हणाली, "कुठंच नाही." आणि हसली.

मग क्लबच्या वरच्या कचेरीतले मोठे साहेब भेटीला येणार, असे ठरले. त्याच कार्यक्रमात सुभाषला पिन लागायची होती. आदल्या दिवशी केयूरभाई त्याला घेऊन पोळात आले. दोघे माझ्याशेजारीच उभे राहून बोलले.

"अरे, सायकल घरी देऊन बसलास? साव भोळा, अगदीच भोळा माणूस आहेस."

"दान केली ना आपण, केयूरभाई."

"दान केली म्हणजे देऊन टाकायची, असं कुठं आहे? उद्या साहेबांसमोर काय माझी स्कूटर दान करू?"

"नवीन घेऊ या. खर्च माझा."

"खर्चाचं नाही रे. आज तू नवीन घेतलीस की उद्या प्रत्येक अध्यक्षाला घ्यावी लागणार. चांगली रीत मोडते. आणि जगदेवरावांनी तुझ्या नावाला हो म्हटलंय. त्यांना परत विचार करायला कशाला लावतोस?"

सुभाषने दाराशी चपला काढल्या. मग तो आत गेला.

"प्रेमलाताई, सायकल जरा सर्व्हिसिंगला न्यायची आहे."

"कालच तेल घातलंय. कुरकुरत पण नाही."

"क्लबची रीत आहे. नोंद झाली की घरपोच येईल."

प्रेमला त्याच्याकडे बघत राहिली. सुईत दोरा ओवताना बघावे तशी. "मग मीच घेऊन येते ना उद्या हॉटेलवर. नोंद होईपर्यंत थांबते आणि चालवत परत येते. तुम्हाला पोचवायचा त्रास नको."

ती आली. इस्त्रीची साडी नेसून, मला ओल्या फडक्याने पुसून, घडियाळी पोळापासून सयाजीगंजापर्यंत हातांनी आली. केयूरभाईंनी दोन वेटरांना खूण केली. त्यांनी तिला उचलून भिंतीकडच्या खुर्चीत ठेवले. विचारले नाही. सामान हलवताना कोण विचारतो?

"तोच चेहरा दोनदा अहवालात नको," केयूरभाई जगदेवरावांच्या कानात म्हणाले.

माझ्यावर आता स्टेशनजवळचा एक लंगडा म्हातारा बसला. मोठ्या साहेबांनी हार घातला. फोटो झाला. टाळ्या झाल्या. मग सुभाषने हात पुढे करून निःस्वार्थ सेवेची शपथ घेतली. आवाज खणखणीत होता. जगदेवरावांनी त्याच्या कोटाला पिन लावली आणि पाठ थोपटली, "आजपासून तू आमच्या घरातला."

म्हातारा उतरायला तयार होईना. त्याची बोटे पॅडलावरून एकेक करून सोडवावी लागली. मला त्या हॉलमधल्या अत्तराची, तुपाची, हसण्याची किळस आली, मित्रांनो. लोखंडाला ओकारी येत नाही, एवढेच.

सुभाष ताटलीत गुलाबजाम घेऊन भिंतीकडे गेला. "ताई, थोडं खाऊन घ्या."

"मला घरी कोण उचलून नेणार, तेवढं सांगा," प्रेमला म्हणाली.

त्याने तिला आपल्या मारुतीतून पोचवले. पुढच्या महिन्याच्या क्लबवार्तेत तेही छापून आले: 'नवे सभासद सुभाष यांची अपंग भगिनीस वाहनसेवा.' गोडाउनात त्या अंकांचा गठ्ठा माझ्याच सीटवर ठेवला होता. तिथेच उभे राहून केयूरभाईंपाशी सुभाषची तक्रार: "शालिनीच्या साड्या तिनं फॉल न लावता तशाच परत पाठवल्या. या लोकांना केल्याची जाणीवच नसते हो."

मधली वर्षे क्लबात रक्तदान आणि संगणकदानाची टूम होती. मी धूळ खात पडून राहिले. मग सुभाषचे वर्कशॉप कारखाना झाले आणि सुभाष अध्यक्ष झाला. पेंटर आला. माझ्या पाठीवर त्याचे नाव चढले आणि माझे सातवे दान झाले. एक नवा उमेदवार कुणा पोरसवद्या मुलीला पाठुंगळी घेऊन आला होता. सुभाषने त्याला आधीच बाजूला घेऊन समजावले, "कार्यक्रम झाला की सायकल जागेवर ठेवायची. मला हे कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं, फार घोटाळा झाला होता."

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मला पुष्कळ जपले. ताडपत्री घातली, रंग दिला, हवा भरली. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्यादेखत कुणाला काही दिले जाईल तेव्हा टाळ्या वाजवून लगेच जेवायला उठू नका. थोडे थांबा. हार उतरल्यावर ती वस्तू कुठल्या दाराने बाहेर जाते आणि माणूस कुठल्या दाराने, एवढे बघा. दारे दोन निघाली, तर तिथेच मोठ्याने विचारा. मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.