सलामीच्या पुंगळ्या

लीलाधर सरपंचाने मगन खरादवाल्याच्या जळगावच्या दुकानात रुमाल उघडला. आत काडतुसांच्या तीन रिकाम्या पितळी पुंगळ्या. योगराजच्या चितेपुढे जवानांनी हवेत बार काढले, त्यातल्या. योगराज मगनचा सख्खा भाचा. सीमेवरून तिरंग्यात गुंडाळून तो चोपड्याजवळच्या आपल्या गावी आला होता. सलामीच्या काडतुसात गोळी नसते, तोंड नुसतं दुमडलेलं असतं, त्यामुळे बारानंतर पुंगळ्यांची तोंडं पाकळ्यांसारखी उमललेली.

"योगराजच्या स्मारकात काचेमागे ठेवायच्या. पण अशा फाटक्या तोंडाच्या बऱ्या दिसत नाहीत, मगनभाऊ. गोळ्या बसवा."

त्याने आणलेल्या गोळ्या भलत्याच बंदुकीच्या, जाडजूड होत्या.

"ही योगराजची बंदूक नव्हती," मगन म्हणाला.

"पुतळ्याच्या हातात जाड बंदूक आहे. पुतळ्याला कुठं लढायचंय? तोंडं मोठी करा, झालं!"

पोरगा मेला आमचा, मिरवायचं ह्यांना. गावात पाण्याची टाकी गळते, तिच्याकडे बघायला फुरसत नाही. मगनने शिवी गिळली. पुंगळ्या लीलाधरने मगनच्या बहिणीकडून, योगराजच्या आईकडून, भिकुबाईकडून, लष्कराच्या साहेबांच्या देखत मागून घेतल्या होत्या, तिला नाही म्हणता आलं नव्हतं. तिने मगनला फोन केला होता, "भाऊ, जपीसन कर. मनाजवळ त्यानं दुसरं काहीच नही."

मगनने पोलादाचा निमुळता दांडा घासला, तेल लावलं आणि पहिल्या पुंगळीच्या तोंडात हळूहळू दाबला. टिक् झालं. तोंड चिरलं.

बाराने पितळ कडक झालं असणार, तापवून नरम करायला हवं होतं. स्वतःला शिव्या घालत त्याने दुसरीचं बूड ओल्या फडक्यात धरलं आणि तोंड ज्योतीवर धरलं. थंड झाल्यावर दांडा घातला. तोंड लोण्यासारखं उघडलं. मगन हसलाही. तेवढ्यात खाली, जिथं त्याने हातही लावला नव्हता तिथं, बुडापासून उभी भेग धावत वर आली.

त्याने ती उजेडात धरली. आत बारीक भेगांचं जाळं होतं. संडासातले पितळी नळ असेच मुतारीच्या वाफेने आतून खाल्ले जातात आणि एके दिवशी पाना लावला की तडकतात. त्याने भिकुबाईला फोन लावला.

"अक्का, पुंगळ्या कोठे ठेवेल व्हत्या?"

"गोठामा, कोनाडामा. मसाणनी वस्तू घरमा कशी लयवानी? रोज गोमूत्र शिंपडू ना मी त्यावर. एक दिन चुकनू नही." तिच्या आवाजात समाधान होतं. "काय व्हयनं, भाऊ?"

 खरं सांगावं, तर तिला कळणार की तिने स्वतःच रोज न चुकता गोमूत्र शिंपडून लेकाची निशाणी कुजवली.

"मनीच चूक शे, अक्का. तापाडाले इसरी गयू. दोन फुटन्यात."

पलीकडून अक्का उसळली, "तुले जमत नही ते हाते कसाले धरं? तू लोखंड कापस म्हणीसन लोके तुले मिस्त्री म्हणतस, आणि तू मना पोऱ्यानी निशाणी फोडी टाकी! उरेल शे ती दे मले."

मगनने तिसरी पुंगळी जशीच्या तशी तिला नेऊन दिली. लीलाधरसाठी पितळी सळईच्या तीन नव्या पुंगळ्या खरादून काढल्या, वर त्याच्या जाड गोळ्या ठोकल्या. लीलाधर खूश. "एकदम ओरिजिनल!" उद्घाटनाला त्याने माइकवरून सांगितलं, ह्याच त्या वीराच्या सलामीच्या पुंगळ्या. लोकांनी सळईच्या तुकड्यांना हात जोडले. भिकुबाई पहिल्या रांगेत होती. तिने काचेकडेही पाहिलं नाही आणि भावाकडेही.

कार्यक्रम संपल्यावर मगन तिच्या मागे घरी गेला. ती सरळ गोठ्यात शिरली. कोनाड्यात उरलेली पुंगळी उभी होती. भिकुबाईने गडव्यातलं गोमूत्र चुळकाभर घेतलं आणि तिच्यावर शिंपडलं. पाकळ्यांतून थेंब आत उतरले.

"अक्का, ती... घरमा ठेव ना. देव्हारामा."

"तू मले शिकाडू नको." तिने कोनाड्यापुढे हात आडवा धरला. "तिले हात लावजो नको. दोन खाद्यात तुना हातनी."

खरं सांगायला मगनने तोंड उघडलं. भिकुबाई पदराच्या टोकाने पुंगळीचं बूड पुसत होती, लहान पोराचं नाक पुसावं तसं. त्याने तोंड मिटलं, आणि दारात म्हशीशेजारी बसून राहिला.