पारण्याचे बाफले

चिंतामणी बी.एस्सी. होऊन घरी आला, तेव्हा अकरा माणसांचं रांधून झाल्यावर आई भिंतीला टेकून उभ्या उभ्याच डुलकी घेताना त्याला दिसली. तिला एक दिवस देवासला न्यायचं, चित्रं दाखवायची आणि दुसऱ्याच्या हातचं गरम जेवू घालायचं, असं त्यानं ठरवलं. पंचांगात घरची, म्हणजे स्मार्त एकादशी मंगळवारी होती. बुधवारी भागवत एकादशी होती. ती वैष्णवांची म्हणून त्यानं सोडून दिली आणि बुधवारी बाफले करायला देवासच्या यमुनाआत्याला कळवलं.

चार कोस बैलांच्या दमणीत हादरून आईची, नर्मदाबाईंची, कंबर धरली. देवासात थोरल्या पातीच्या, म्हणजे थोरल्या राजांच्या, शाळेत चित्रं मांडली होती. रंग कशाचा, उजेड कुठून पडतो, हे चिंतामणी सांगत राहिला, त्या नुसतं हूं म्हणत राहिल्या. भाकरी थापणाऱ्या बाईच्या चित्रापाशी मात्र थांबल्या. "हिच्या चुलीला धूरच नाही. म्हणून लुगडं एवढं स्वच्छ." मग तिथल्याच बाकावर बसल्या आणि त्यांचा डोळा लागला. त्यानं उठवलं नाही.

आत्याकडे कणकेचे गोळे उकडून, भाजून तुपात बुडवलेले बाफले, घट्ट डाळ, चुरम्याचे लाडू असा बेत होता. आत्या वाढायला वाकली तशी नर्मदाबाईंनी पानावर हात आडवा धरला.

"वन्सं, माझी आज एकादशी आहे."

त्यांचं माहेर वैष्णवांचं. एरवी दोन्ही एकादश्या एकाच दिवशी येत. निराळ्या आल्या, की दुसऱ्या दिवशी घराला वाढून त्या मुकाट्यानं उपाशी राहत. तेवीस वर्षं हे चाललं होतं, आणि प्रयोगशाळेत गुंजेचाही फरक न चुकणाऱ्या मुलाला ते कधी दिसलं नव्हतं.

"काल का नाही सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"सांगितलं असतं तर आज आणलं असतंस?"

आत्या म्हणाली, एवढा शिकला, पण आईचं पंचांग काही कुठं छापून मिळत नाही.

 कसंबसं जेवून चिंतामणी बैल जोडायला सांगायला उठला. घरी रात्रीचा स्वयंपाक आईचीच वाट पाहत होता. नर्मदाबाईंनी बसल्या जागेवरूनच आत्याला विचारलं, उद्या सकाळी पारण्याला हेच बाफले मिळतील का. आत्या म्हणाली, मिळतील की, पण घरी दादा आणि बाकीची मंडळी काय खातील?

"बघतील करून," असं म्हणून त्यांनी सतरंजीवर अंग टाकलं.

चिंतामणी बाहेर गेला आणि गाडीवानाला बैल चरायला सोडायला सांगून आला.