स्टिअरिंग खालून धरायचं

सगळं आयुष्य ट्रक मागे घेण्यात गेलं माझं. अरुंद गल्लीत घेतला, उतारावर घेतला, कुणाच्या भिंतीला कधी ओरखडा नाही. आणि आता, घरात सून आल्यावर, एक ट्रेलर माझं नाक कापायला निघाला होता.

झालं असं, की मालकाने जुने ट्रक विकून लांबलचक ट्रेलर आणले. फर्मान निघालं, शनिवारी परीक्षा. जो ट्रेलर मागे घेऊन गोदामाच्या धक्क्याला लावेल तो ड्रायव्हर. ज्याला जमणार नाही त्याने गेटवर खुर्ची टाकून बसायचं आणि आल्यागेल्याला सलाम ठोकायचा. मी गेटवर बसलो असतो तर महिन्याभरात वेडा झालो असतो, किंवा बायको तरी वेडी झाली असती.

शिकवायला ट्रेलरवाल्या कंपनीने एक बाई धाडल्या. वयाने माझ्या सुनेएवढ्या, बोलणं सगळं इंग्रजीत. माझं इंग्रजी स्पेअर पार्टांपुरतं. त्या हातवारे करायच्या, मी मान डोलवायचो आणि ट्रेलर भलतीकडे जायचा. उजवीकडे पाठवावा तर डावीकडे, डावीकडे पाठवावा तर उजवीकडे! शेवटी पुढचं इंजिन आणि मागचं धड चिमट्यासारखं मिटायचं. बाकीचे ड्रायव्हर दात काढत उभे. त्यांची पाळी आली की त्यांचंही तेच व्हायचं, तेवढाच जिवाला गारवा.

दर वेळी बाई हसून म्हणायच्या, "यू विल गेट द हँग ऑफ इट." आणि माझा हात उचलून स्टिअरिंगच्या अगदी खालच्या बाजूला ठेवायच्या. मी तो परत वर घ्यायचो. आमच्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "स्टिअरिंग खालून धरणारा ड्रायव्हर नसतो, पाहुणा असतो." हात जरा खाली घसरला की पाठीत धपाटा. ते धपाटे अजून पाठीत आहेत.

शुक्रवारी संध्याकाळी जेवताना मी सुनेला विचारलं, "ती बाई सारखी एकच वाक्य म्हणते. माझी टिंगल करते का गं?"

वाक्य ऐकून सून हसली. "नाही हो बाबा. म्हणजे हळूहळू हात बसेल तुमचा. नवीन काम करताना कुणी अडखळलं की असं म्हणतात. उलट धीर देतायत त्या."

"म्हणजे यांना येत नाही, हे तिला कळलंय," बायको म्हणाली.

"आई, आज येत नाही एवढंच. मी ऑफिसात नवीन होते तेव्हा मलाही म्हणायचे. मग एक दिवस मीच म्हणाले, आय ॲम गेटिंग द हँग ऑफ इट. जमायला लागलंय मला."

मी ते वाक्य तिच्याकडून घोकून घेतलं. मग तिने विचारलं, "पण अडतंय कुठे?"

मी उस्तादांचा धडा सांगितला. ती ऐकत राहिली आणि अगदी सहज म्हणाली, "बाबा, तुमचे उस्ताद ट्रेलर चालवायचे का?"

"छे! तेव्हा ट्रेलर कुठे होते?" मी म्हणालो, आणि घास हातातच राहिला.

सकाळी परीक्षेआधीच मी आवारात हजर. बाईंना खुणेने शेजारी बसवलं आणि आपणहून हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवला. पाठ उगाच आखडली. रिव्हर्स टाकला. हात जरासा डावीकडे नेला, तर आरशात ट्रेलरची शेपूट डावीकडे! हात उजवीकडे, शेपूट उजवीकडे! अरे, इतकं सरळ? जिकडे हात, तिकडे ट्रेलर! ब्रेक मारून खात्री करायला पुन्हा एकदा आरशात पाहिलं. मी ओरडलो, "मॅडम! आय ॲम गेटिंग द हँग ऑफ इट!" त्यांनी दोन्ही हातांनी डॅशबोर्डवर ताल धरला.

परीक्षेला मॅनेजर धक्क्यावर उभे, मालक त्यांच्या शेजारी. पहिल्या खेपेला ट्रेलर किंचित तिरका गेला. मागून कुणीतरी म्हणालं, "काकांची खुर्ची पुसून ठेवा रे." माझं डोकं सणकलं, पण हात खालीच राहिला. गाडी पुढे घेतली, सरळ केली, पुन्हा मागे. थोडं डावीकडे. अजून थोडं. आता सरळ, सरळ, सरळ... आणि ट्रेलर धक्क्याला असा अलगद टेकला की मालकांच्या हातातल्या कपातला चहासुद्धा हलला नाही.

मॅनेजर ओरडले, "पास! उतरा खाली!"

मी उतरलो नाही. गाडी पुढे काढली, आवाराला एक फेरी मारली आणि पुन्हा मागे घेऊन धक्क्याला लावली. मघाशी खुर्ची पुसायला सांगणारा आता माझा हात कुठे आहे ते वाकून बघत होता. शिकवणाऱ्या बाई तर उड्या मारत होत्या.

"अहो, झाली ना परीक्षा! डिझेल जळतंय!" मॅनेजर हात हलवत धावत आले.

मी काच खाली केली, म्हणालो, "माझ्या पगारातून कापा," आणि गाडी परत पुढे काढली.